शीतकक्षाच्या खिडक्या

"ही खिडकी कुणी उघडली?" मी विचारलं.

वॉर्डात त्या वेळी चार माणसं होती आणि चौघांनीही छताकडे पाहिलं. एक पेशंट होता, त्याची बायको होती, तायडे सिस्टर होत्या आणि कूलरची मागची जाळी काढून जुनं गवत उपसत बसलेले मुश्ताकभाई मिस्त्री होते. शेवटी मुश्ताकभाईंनाच माझी दया आली.

"हवेनं उघडली असन, मॅडम."

"हवेनं चिकटपट्टी सोडवली? आणि नीट गुंडाळून चौकटीवर ठेवली?"

"अकोल्याची हवा हाय जी," ते म्हणाले. "तिचा काही नेम नाही."

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि खाकी चिकटपट्टी चौकटीवर पुन्हा दाबून लावली. खाली उतरून आदेशाच्या वहीत लिहिलं, 'शीतकक्षाच्या खिडक्या कोणत्याही परिस्थितीत उघडू नयेत.' 'कोणत्याही' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. तायडे सिस्टरांनी ते वाचलं आणि मुकाट्यानं सही केली. चेहरा असा गरीब, की जणू खिडकी हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वाचला होता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. गाव गुहागरच्या अलीकडचं, नाव शलाका खातू, सरकारी नोकरीत नवी कोरी. अकोल्यातल्या एका सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक झाली होती. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत जी काय चूक आहे ती सगळी माझी आहे. मी जानेवारीत रुजू झाले तेव्हा लोक 'आता उन्हाळा पाहा' असं म्हणून गालातल्या गालात हसायचे. मार्चमध्ये मला ते हसू कळलं. ओठ फुटले, नाकातून रक्त आलं, केस झाडूसारखे झाले. रात्री उशाला ठेवलेला पाण्याचा तांब्या सकाळी दोन बोटं कमी भरायचा आणि ते पाणी मी प्यायलेलं नसायचं. एप्रिलच्या पहिल्या तारखेला मी रत्नागिरी जिल्ह्यात बदली मिळावी म्हणून अर्ज लिहिला आणि अधीक्षक गावंडे सरांच्या टेबलावर ठेवला.

गावंडे सरांनी तो दोनदा वाचला. चष्मा पुसला.

"कारण 'हवामान' लिहिलंय तुम्ही."

"हो सर."

"असं करू. शहराचा उन्हाळी आराखडा आला आहे. आपल्याला सहा खाटांचा शीतकक्ष उघडायचा आहे, तो तुमच्याकडे देतो. मे संपेपर्यंत तिथे एकही माणूस दगावला नाही, तर या अर्जावर मी स्वतः शिफारस लिहीन. चांगली लिहीन."

"आणि दगावला तर?"

"तर मग पुढचा उन्हाळा," सर म्हणाले आणि अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच हिशेब होता. दोन महिने, सहा खाटा, एकही मृत्यू नाही, आणि मग घर.

तयारी मात्र शहरानं मनापासून केली होती. चौकाचौकांत सिग्नलजवळ हिरव्या जाळ्यांचे मांडव घातले होते. ते इतके सुखाचे झाले की सिग्नल हिरवा झाला तरी सावलीतून कुणी हलेना. मागचे हॉर्न वाजवायचे आणि पुढचे म्हणायचे, घाई असेल तर बाजूनं उन्हातून जा. बागा दुपारी उघड्या ठेवल्या होत्या. पाणपोयांवर ओल्या पोत्यांत गुंडाळलेले रांजण मांडले होते. आम्ही पत्रकंही छापली होती. 'दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका' हे पत्रक वाटायला आम्ही सहा जण दुपारी एक वाजता घराबाहेर पडलो होतो. एका पानवाल्यानं ते वाचून आम्हाला आधी बसवलं, माठातलं पाणी पाजलं आणि मगच जाऊ दिलं.

आराखड्यातलं आणखी एक काम माझ्या वाट्याला आलं होतं, ते म्हणजे लग्नाच्या वराती. या भागात लग्नं मे महिन्यात, मुहूर्त भर दुपारचे, आणि वरातीपुढे जाड मखमली कोट घातलेले बँडवाले. मी शहरातल्या बँडवाल्यांची बैठक घेतली. त्यांच्यात सगळ्यांत जुने होते खंडारे मास्तर, जयमंगल बँडचे मालक. साठी ओलांडलेले, काटक, क्लॅरिनेट वाजवणारे. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून मीही त्यांच्याशीच बोलले.

"मास्तर, दुपारच्या वराती बंद करा."

"वरात आम्ही काढतो का, मॅडम? वरात नवरदेव काढते. आम्ही तं निस्ते त्याच्या समोर चालतो."

"निदान तो कोट तरी काढून वाजवा."

"कोट काढला तं लोक म्हणतीन, हे तं पाहुणे दिसून राह्यले. बँड कुठी हाय?"

सगळे हसले. मास्तरांनी लाल टोपी काढून उलटी केली आणि आतला कांदा दाखवला. "हा हाय ना. चाळीस वर्षं झाले, मले काही झालं नाही."

"कांद्यानं काही होत नसतं, मास्तर."

"तुमच्या गावात एवढं ऊन हाय का?"

"नाही."

"मंग," मास्तर म्हणाले, आणि बैठक तिथेच संपली. जाताना ते दारात थांबले. माझा उतरलेला चेहरा त्यांना दिसला असावा. "नाराज नका होऊ. काही झालंच तं तुमच्या थंड्या खोलीत माह्यासाठी एक खाट ठेवजा."

त्या थंड्या खोलीचं सांगते. सहा खाटा, सहा खिडक्या आणि बाहेरच्या भिंतीत बसवलेले दोन मोठे कूलर. कूलर ही चीज मी त्याआधी पाहिली नव्हती. आमच्याकडे त्याचं काय काम? एसी मात्र पाहिला होता, कॉलेजच्या वाचनालयात, आणि तिथे दार जरा उघडं राहिलं की ग्रंथपाल ओरडायचे, 'दार लावा, गारवा जातो.' तेवढ्या ज्ञानावर मी पहिल्याच दिवशी सहाही खिडक्या लावल्या आणि फटींना चिकटपट्ट्या मारल्या. मुश्ताकभाई खालून पाहत होते.

"मॅडम, हवेले बाहेर जायले रस्ता तं ठेवा."

"रस्ता ठेवला की गारवाही त्याच रस्त्यानं जाईल."

"नाही जी, कूलरचं तसं नसते..."

"मुश्ताकभाई, हा वॉर्ड माझ्या जबाबदारीवर आहे," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. त्याच सकाळी आईचा फोन आला होता, पहिला हापूस उतरवला म्हणून, आणि मी नुकतीच डोळे धुऊन आले होते. मुश्ताकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तायडे सिस्टरांकडे पाहिलं, आणि पाना उचलून ते निघून गेले.

मे महिन्याच्या मध्यापर्यंत वॉर्डात अकरा पेशंट येऊन गेले. हमाल, एक पोस्टमन, गच्चीवर पापड राखत बसलेली एक आजी. अकराच्या अकरा बरे होऊन घरी गेले. माझा भाव वधारला. एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकायची. मी समोर बसलेली असताना पेशंटचा ताप हटून बसायचा आणि मी जेवून परत आले की तो उतरलेला असायचा. मी दोन वाजता मागच्या क्वार्टरवर जेवायला जायची आणि खरं सांगायचं तर तासभर झोपायचीही. साडेतीनला परत यावं तर पेशंट उठून बसलेला, सरबत पीत असलेला. मी त्याचा अर्थ असा लावला की माझी औषधं लागू पडायला दीड तास लागतो. एका वहीत तशी नोंदही केली होती.

दुसरी गोष्ट माझ्यापुरती होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. त्या खोलीत शिरलं की मला बरं वाटायचं. बाहेर कातडी ओढल्यासारखी व्हायची, आत आलं की सैल पडायची. ओठांना आराम मिळायचा. कामं संपली तरी मी फाइल घेऊन तिथेच बसून राहायची. तायडे सिस्टर मात्र सारख्या पदरानं मान पुसायच्या आणि काही ना काही निमित्त काढून बाहेर जायच्या. मला वाटायचं, बाईंना कामाचा कंटाळा आहे.

मेच्या एकवीस तारखेला पारा सेहेचाळीसच्या वर गेला. दुपारी दीडच्या सुमाराला दवाखान्याच्या दारात ऑटोरिक्षा थांबली आणि तिच्यातून लाल मखमली कोट घातलेल्या तिघांनी चौथ्याला उचलून आणलं. चौथे खंडारे मास्तर होते. त्यांच्यामागून बाकीचा बँड धावत आला, मोठ्या ढोलासकट, कारण ढोल रस्त्यावर कसा टाकायचा? आणि त्यांच्यामागून घोड्यावर बसलेला नवरदेव आला. ते घोडं वर्षानुवर्षं जयमंगल बँडच्या मागे चालत होतं. बँड वळला तसं तेही दवाखान्याकडे वळलं, नवरदेवानं लगाम कितीही ओढला तरी.

"चौकात वाजवता वाजवता खालीच बसले," क्लॅरिनेट हातात धरून एक जण सांगत होता. "मंग काहीबाही बोलायले लागले."

मास्तरांचं अंग भाजलेल्या पापडासारखं तापलेलं आणि कोरडं होतं. घामाचा एक थेंब नाही. ताप एकशे सहा. डोळे अर्धवट उघडे आणि तोंडात बडबड. "ढोल हळू... नवरदेव मांगं राह्यला... त्याले येऊ द्या."

आम्ही धावलो. कोट काढला, सलाईन लावलं, काखेत बर्फाच्या पिशव्या दिल्या, अंगावर ओली चादर टाकली, दोन्ही कूलर पूर्ण वेगावर लावले. सगळं आराखड्यात लिहिल्याप्रमाणे. वीस मिनिटांनी ताप पाहिला. एकशे सहाला जेमतेम एक रेघ कमी.

"मॅडम," तायडे सिस्टर हळूच म्हणाल्या, "दोन वाजले. तुम्ही जेवून या."

"आज नको."

मी सलाईनचा वेग पाहिला. मास्तरांची बोटं चादरीवर क्लॅरिनेट वाजवत होती. ती मध्येच थांबली. बडबडही थांबली, आणि ते मला बडबडीपेक्षा वाईट वाटलं.

"मॅडम, जा ना बाप्पा. डब्बा खराब होईन."

"सिस्टर, इथे माणूस हातातून चाललाय आणि तुम्हाला डबा सुचतोय?"

"दहा मिनिटं तरी जा, मॅडम," दारातून मुश्ताकभाई म्हणाले. "आम्ही पाहतो."

"तुम्ही काय पाहणार? तुम्ही मिस्त्री आहात," मी जोरात म्हणाले. ते दारातून हलले नाहीत. कूलर घरघरत राहिले.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. त्या क्षणी मला मास्तरांची बायको आठवली नाही, मुलं आठवली नाहीत, मला ड्रॉवरमधला अर्ज आठवला. दहा दिवस उरले होते. फक्त दहा दिवस. असा विचार आपल्याला येऊ शकतो याचीच मला इतकी शरम वाटली की मी काहीतरी करायचं म्हणून मास्तरांच्या अंगावरची चादर चाचपली.

चादर ओलीच होती. वीस मिनिटांपूर्वी टाकली तशी, निथळती. सिस्टरांनी मध्ये पाणी शिंपडलं असेल असं आधी वाटलं, पण शिंपडलं नव्हतं. या शहरात मी ओढणी धुऊन पिळली की दोरीपर्यंत नेता नेता तिची टोकं वाळायची. चादर वाळायला हवी होती. पाणी वाळतं तेव्हाच ते अंगातली उष्णता घेऊन जातं, हे मी पहिल्या वर्षाला शिकले होते आणि आमच्या पत्रकात मीच सोप्या भाषेत लिहिलं होतं. मग ही वाळत का नाही?

मी मान वर केली. खिडक्यांच्या काचांना आतून पाण्याचे थेंब आले होते आणि ओघळ खाकी चिकटपट्टीवरून खाली उतरत होते. भिंती दमट होत्या. खोलीला वास येत होता आणि तो वास मी जन्मापासून ओळखत होते. आमच्या माजघराचा वास. ती खोली मला इतकी का आवडत होती ते मला तेव्हा कळलं. मी अकोल्याच्या मधोमध, सहा खाटांएवढं, एक छोटंसं कोकण तयार केलं होतं. रोज त्यात येऊन बसत होते. आणि उन्हानं पडलेल्या माणसांना, ज्यांना कोरडी हवा हीच दवा होती, त्यांना मी त्यात कोंडत होते.

"सिस्टर," मी विचारलं, "मी जेवायला गेले की तुम्ही काय करता?"

तायडे सिस्टर फरशीकडे पाहत म्हणाल्या, "खिडक्या उघडतो, मॅडम. तुम्ही यायच्या आधी लावून घेतो."

"रोज?"

"रोज."

"मला सांगितलं का नाही?"

"मुश्ताकभाईनं सांगितलं होतं ना पहिल्या दिवशी. तुमचे डोळे भरून आले होते. तुम्ही नव्या, घरून इतक्या लांब. आम्ही म्हटलं जाऊ द्या. तुमचा शब्दही राहीन अन् पेशंटही राहीन. तुम्ही जेवाले जातच होत्या. आज गेल्या नाही, म्हणून..." त्यांनी पदरानं मान पुसली. "आता मी सांगणारच होती, मॅडम."

रडायला वेळ नव्हता. "उघडा," मी म्हणाले. "सहाच्या सहा उघडा."

दोन खिडक्या हात लावताच उघडल्या. त्यांच्या चिकटपट्ट्यांत काही दमच राहिला नव्हता. रोज काढून रोज लावल्यावर काय राहणार? पण उरलेल्या चार मी दुहेरी पट्ट्या लावून चांगल्या जाम केल्या होत्या आणि ब्लेड कुणाला सापडेना. तेवढ्यात दारात उभा असलेला नवरदेव पुढे आला. डोक्याला मुंडावळ्या, गळ्यात नोटांचा हार, हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार. त्यानं लिंबू उपटून माझ्या हातात दिलं, स्टुलावर चढला आणि एकेक पट्टी कापत गेला. कट्यारीचा लग्नात काही उपयोग झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिला नाही.

सहावी खिडकी उघडली आणि कूलरची हवा एकदम सरसरत खोलीभर फिरली. कोंडलेला दमटपणा बाहेर गेला. माझ्या ओठांवरची कातडी ताणली गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला. मुश्ताकभाईंनी कूलरचं तोंड फिरवून थेट मास्तरांच्या खाटेवर आणलं. ढोलवाल्यानं ढोलावरचं फडकं काढून वारा घालायला सुरुवात केली.

दहा मिनिटांत चादरीची टोकं वाळली. सिस्टरांनी पुन्हा पाणी शिंपडलं, ते पुन्हा वाळलं, त्यांनी पुन्हा शिंपडलं. एकशे चार. एकशे तीन. मी थर्मामीटर वाचायची आणि दारातला अख्खा बँड तो आकडा मोठ्यानं म्हणायचा. साडेतीनच्या सुमाराला ताप एकशे एकवर आला आणि मास्तरांनी डोळे नीट उघडले.

"कोट?" ते म्हणाले.

"खुंटीवर आहे."

"कापला तं नाही ना?"

"नाही."

"बटनं?"

"सगळी आहेत, मास्तर."

त्यांचा हात डोक्याकडे गेला. "अन् कांदा?"

तायडे सिस्टरांनी टोपी उलटी करून दाखवली. कांदा आत होता, जरा शिजल्यासारखा.

"मंग वाचवलं म्हणा त्यानं," मास्तर समाधानानं म्हणाले.

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या छताकडे पाहत होत्या. "हो मास्तर," मी म्हणाले, "कांद्यानंच वाचवलं." मग मी नवरदेवाचं लिंबू पिळून सरबत केलं आणि पहिला पेला मास्तरांना दिला, दुसरा मुश्ताकभाईंना.

"मुश्ताकभाई, मघाशी मी जे बोलले..."

"काही नाही जी," ते म्हणाले. "मिस्त्रीच हाय मी."

संध्याकाळी मी आदेशाची वही काढली. जुना आदेश दोन्ही रेघांसकट खोडला आणि खाली लिहिलं, 'शीतकक्षाच्या खिडक्या कोणत्याही परिस्थितीत बंद करू नयेत.' तायडे सिस्टरांनी वाचून सही केली. या वेळी चेहरा गरीब नव्हता.

ते लग्न संध्याकाळी सहाला लागलं. गंमत म्हणजे आमचं पत्रक, बैठक आणि आराखडा यांनी जे झालं नव्हतं, ते त्यानंतरच्या आठवड्यात झालं. मास्तरांनी खाटेवर बसूनच शहरातल्या सगळ्या बँडवाल्यांना बोलावून घेतलं आणि ठरवलं की अकरा ते पाच कुणी वाजवायचं नाही, कितीही सुपारी मिळाली तरी. मुहूर्त टळला तरी चालेल, पण बँडशिवाय वरात काढायला कोण तयार होणार? शहरातल्या वराती आपोआप संध्याकाळवर गेल्या. कोट मात्र कुणी काढला नाही.

एकतीस तारखेला मी गावंडे सरांसमोर उभी राहिले. त्यांनी ड्रॉवरमधून अर्ज काढला आणि शाईच्या पेननं शिफारस लिहायला घेतली. 'शीतकक्षात शून्य मृत्यू. डॉक्टर अत्यंत कर्तव्यदक्ष.'

"सर, थांबा," मी म्हणाले आणि खिडक्यांचं सगळं सांगून टाकलं.

सर लिहीतच राहिले. "मला माहीत आहे ते. सगळ्या दवाखान्याला माहीत होतं. मी रोज राउंडला तीन वाजताच का यायचो, असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी सही केली आणि अर्ज माझ्या हातात दिला. "हा टपालानं पाठवू नका. सुट्टीवर चाललाच आहात, तर स्वतः रत्नागिरीला नेऊन द्या. जागा आहे तिथे."

मी घरी गेले. आईनं दृष्ट काढली, सुरमई तळली, 'किती काळी पडलीस गो' असं दिवसातून चार वेळा म्हणाली. पाऊस अजून यायचा होता. पहिले दोन दिवस मी नुसती पडवीत बसले. तिसऱ्या दिवशी रत्नागिरीला जायचं म्हणून मागच्या दारी दोरीवरची ओढणी काढायला गेले, तर ती ओली.

"आई, ही ओढणी अजून ओलीच?"

"कालच तर धुतलीस. वाळेल उद्यापर्यंत."

"उद्यापर्यंत?"

आई माझ्याकडे पाहत राहिली. मी आत येऊन पिशवीतून अर्ज काढला. कागद सादळून मऊ पडला होता आणि 'कर्तव्यदक्ष' हा शब्द पसरून शेजारच्या शब्दावर टेकला होता. मला तायडे सिस्टरांचं 'जा ना बाप्पा' ऐकू आलं. मला घरची ओढ होती ती खरीच होती, पण परक्या गावात माझा शब्द राहावा म्हणून दीड महिना चिकटपट्ट्या काढणारी आणि लावणारी माणसं तिथे होती. त्यांना सोडून जायचं कारण म्हणून मी या कागदात 'हवामान' लिहिलं होतं. त्या कागदाकडे बघवेना.

"कितीची एस्टी आहे रत्नागिरीची?" आईनं विचारलं.

"आई, ती खिडकी उघड ना जरा."

"उघडीच आहे गो," आई म्हणाली.

मी पाहिलं. घराच्या सगळ्याच खिडक्या उघड्या होत्या.

चार दिवसांनी मी अकोल्याला परतले, अर्जासकट. मी आल्याचं तायडे सिस्टरांना कुणी सांगितलं माहीत नाही, पण क्वार्टरवर कूलर सुरू होता आणि खिडकी उघडी होती. आता त्याला सोळा वर्षं झाली. अर्ज कपाटात आहे. इथल्या हवेत आठवड्याभरात तो पापडासारखा कडक झाला आणि तसाच आहे. सिस्टर निवृत्त झाल्या, शीतकक्ष मोठा झाला, आणि दर उन्हाळ्याआधी कुठून तरी लांबून एखादा नवा डॉक्टर येतो, फुटलेल्या ओठांचा, कपाटात बदलीचा अर्ज असलेला. येतो आणि काही ना काही चूक करतो. मी त्याला एकदा नीट समजावून सांगते. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं, तर घड्याळाकडे पाहून म्हणते, "डॉक्टर, दोन वाजले. तुम्ही जेवून या."